साम, दाम, दंड आणि लस

महासाथीच्या काळात लस तयार होणे आणि ती लोकांनी टोचून घेणे या दोन स्वतंत्र घटना असतात आणि पहिलीसाठी लागणारे शास्त्र दुसरीसाठी पुरे पडत नाही. भारतात कोविड-१९ विरुद्धचे लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले, त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला १०० कोटी मात्रांचा आणि १७ जुलै २०२२ रोजी २०० कोटी मात्रांचा टप्पा गाठला गेला. एवढ्या मोठ्या देशात एवढ्या अल्पावधीत झालेले हे काम असामान्य होते यात शंका नाही. मात्र २०२१ च्या उन्हाळ्यात लोकांपुढचा प्रश्न ‘लस मिळेल का’ हा होता, तर दिवाळीच्या सुमारास अनेक जिल्ह्यांत प्रशासनापुढे ‘लस घ्यायला माणसे येतील का’ हा प्रश्न उभा राहिला. केंद्रांवर कुप्या होत्या, परिचारिका होत्या, पण रांगा ओसरल्या होत्या. अशा वेळी शासनाने काय करावे, उरलेल्यांना बक्षीस द्यावे की त्यांच्या वाटा अडवाव्यात, या प्रश्नाचा विचार या प्रकरणात केला आहे.

हा प्रश्न निर्माण होतो याचे मूळ लसीच्या स्वरूपातच आहे. औषध घेणाऱ्याचा लाभ बहुधा त्याच्यापुरता असतो. लसीचा लाभ मात्र काही अंशी शेजाऱ्यालाही होतो, कारण संसर्गाची साखळी कुठे तरी तुटते किंवा निदान रुग्णालयातील एक खाट दुसऱ्यासाठी मोकळी राहते. एखाद्याच्या कृतीचा जो परिणाम त्या व्यवहारात नसलेल्या तिसऱ्यावर होतो त्याला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. असा परिणाम हितकारक असेल तर व्यक्ती स्वतःच्या हिशोबाने जेवढे करते त्यापेक्षा अधिक होणे समाजाला हवे असते, आणि या दोहोंतले अंतर भरून काढण्यासाठी शासन मध्ये पडते. पुरेशा लोकांमध्ये प्रतिकारशक्ती आली की रोगाला पसरायला वाव उरत नाही, या अवस्थेला सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात. ती जवळ येऊ लागली की मागे राहिलेल्याला ‘बाकीच्यांनी घेतली, माझ्यावाचून काय अडते’ असे वाटणेही स्वाभाविक असते.

मध्ये पडण्याचे मार्ग भारतीय राजनीतिशास्त्राला परिचित असलेल्या उपायांच्या क्रमानेच मांडता येतात. माहिती देणे, शंका फेडणे आणि लस दाराशी नेणे हा साम. पैसे, वस्तू किंवा सोडत यांच्या रूपाने काही जादा देणे हा दाम. आणि लस न घेतल्यास दंड आकारणे, प्रवेश नाकारणे किंवा सेवा रोखणे हा दंड. ब्रिटनमधील नफील्ड कौन्सिल ऑन बायोएथिक्स या संस्थेने २००७ मध्ये सार्वजनिक आरोग्यासाठी हस्तक्षेपाची एक शिडी मांडली, तिचेही सूत्र हेच आहे: खालची पायरी माहितीची, त्यावर सोयीची, मग प्रोत्साहनाची, मग निरुत्साहनाची आणि शेवटी बंदीची, जितकी पायरी वरची, तितके तिचे समर्थन अधिक भक्कम असले पाहिजे.

लस न घेणारे कोण?

लस न घेतलेल्या सर्वांना ‘लसविरोधक’ म्हणण्याची सवय वृत्तपत्रांना आणि अधिकाऱ्यांना लवकर लागते, परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने लशीविषयीच्या टाळाटाळीची जी तीन कारणे सांगितली आहेत ती पाहिली की हा शब्द किती तोकडा आहे हे लक्षात येते. पहिले कारण अविश्वास: लस सुरक्षित नाही, देणारे प्रामाणिक नाहीत किंवा त्यांचा हेतू वेगळा आहे असे वाटणे. दुसरे बेफिकिरी: रोगाचे भय उरलेले नसणे, ‘आम्हाला काही होत नाही’ ही भावना. तिसरे गैरसोय: केंद्र दूर असणे, वेळा कामाच्या वेळांशी न जुळणे, नोंदणीसाठी स्मार्टफोन नसणे, लस घेतल्यावर ताप आला तर दोन दिवसांची मजुरी बुडेल ही धास्ती असणे. नंदुरबारच्या डोंगरात राहणारा शेतमजूर, मालेगावच्या यंत्रमागावरील कामगार आणि पुण्यातील संगणक अभियंता हे तिघेही सरकारी तक्त्यात ‘लस न घेतलेले’ या एकाच रकान्यात पडतात, पण तिघांची कारणे वेगळी असू शकतात आणि म्हणून एकच उपाय तिघांना लागू पडेलच असे नाही.

गैरसोयीमुळे मागे राहिलेल्यावर निर्बंध लादणे म्हणजे शासनाच्या उणिवेची शिक्षा नागरिकाला देणे होय. बेफिकीर माणसाला छोटेसे बक्षीस किंवा छोटीशी अडचण हलवू शकते, कारण त्याचा विरोध नसतो, केवळ चालढकल असते. अविश्वासाचे प्रकरण सर्वांत नाजूक असते: ज्याला लस घातक वाटते त्याला पैसे देऊ केले तर ‘एवढे चांगले असेल तर वर पैसे कशाला?’ असा संशय येतो, आणि बळजबरी केली तर संशयाची खात्री होते. म्हणून ‘प्रोत्साहन की निर्बंध’ या प्रश्नाआधी ‘कोणासाठी’ हा प्रश्न यावा लागतो, आणि त्याचे उत्तर घरोघर जाणाऱ्या आशा कार्यकर्त्यांच्या वह्यांतून मिळते, मंत्रालयातील तक्त्यांतून नव्हे.

सक्तीचा दीड शतकांचा इतिहास

लसीच्या सक्तीचा अनुभव कोविडपेक्षा कितीतरी जुना आहे. इंग्लंडमध्ये १८५३ च्या कायद्याने अर्भकांना देवीची लस टोचणे पालकांवर बंधनकारक झाले आणि १८६७ च्या कायद्याने न टोचणाऱ्यांना पुन्हा पुन्हा दंड करण्याची तरतूद झाली. दंड भरण्याची ऐपत असलेला सुखवस्तू पालक सुटे आणि गरिबाच्या घरातील सामान जप्त होई, त्यामुळे सक्तीचा रोष कामगार वस्त्यांत साचत गेला. १८८५ मध्ये लेस्टर शहरात हजारो लोकांनी त्याविरुद्ध मोर्चा काढला. अखेर १८९८ मध्ये सदसद्विवेकबुद्धीला पटत नसल्यास सूट मागण्याची मुभा कायद्यातच द्यावी लागली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे देवीच्या साथीत लस नाकारणाऱ्या हेनिंग जेकबसन या धर्मोपदेशकाला पाच डॉलर दंड झाला, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये तो वैध ठरवला. सक्तीचे समर्थक हा निकाल आजही पुढे करतात. मात्र तो दंड एकदाच भरायचा होता आणि कोणाला धरून लस टोचण्याचा अधिकार त्यातून मिळालेला नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मुंबई इलाख्याला या विषयाचा धडा वेगळ्या वाटेने मिळाला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँडच्या अधिकाराखाली गोऱ्या शिपायांनी घरे तपासणे, संशयितांना छावण्यांत नेणे आणि सामान जाळणे सुरू केले. यात लसीची सक्ती नव्हती, परंतु आरोग्याच्या नावाने घरात शिरणाऱ्या सत्तेविषयी जी चीड निर्माण झाली तिचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत रँडवर झाडलेल्या गोळ्यांत झाला, आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये मुंबईत प्लेगच्या तपासणीवरून दंगल उसळली. त्याच काळात वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पोळलेल्या सरकारने या लसीची सरसकट सक्ती केली नाही. उलट काही ठिकाणी लस घेतलेल्यांना दाखला देऊन विलगीकरणाच्या नियमांतून सूट दिली गेली. सव्वाशे वर्षांनी मोबाइलच्या पडद्यावर आलेल्या लसीकरण प्रमाणपत्राचा हा पूर्वज म्हणता येईल.

दाम आणि दंड एकमेकांत मिसळले की काय होते याचे उदाहरण लसीकरणाबाहेरचे आहे, पण ते टाळता येत नाही. आणीबाणीत नसबंदीसाठी एकीकडे रोख रक्कम दिली जाई आणि दुसरीकडे कर्मचाऱ्यांना ठरावीक ‘केसेस’चे उद्दिष्ट देऊन वेतन, बढती, परवाने त्याला जोडले जात. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये अपत्यसंख्येवर कायद्याने मर्यादा घालणारे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. त्या मोहिमेचे आकडे एका वर्षापुरते फुगले, पण पुरुष नसबंदी पुढे देशभर जी मागे पडली ती कधीच सावरली नाही. सक्तीची किंमत अशी उशिरा आणि भलत्याच खात्यात वसूल होते.

एक किलो मसूर

प्रोत्साहनाच्या बाजूने सर्वाधिक उद्धृत होणारा पुरावा राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातला आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेवा मंदिर’ या स्वयंसेवी संस्थेबरोबर १३४ वस्त्यांत केलेला हा प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. लस सरकारी उपकेंद्रात फुकट मिळत होती, परंतु परिचारिका जागेवर असेलच याची खात्री नव्हती. बाळाला कडेवर घेऊन डोंगर उतरून आलेली आई कुलूप पाहून परत जाई. पूर्ण लसीकरणासाठी अशा पाच खेपा कराव्या लागत, आणि पहिल्या एक-दोन खेपांनंतर बहुतेकांचा नेट सरे. संशोधकांनी काही गावांत ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी नक्की भरणारे शिबिर सुरू केले. काही गावांत अशा शिबिराबरोबर प्रत्येक खेपेला एक किलो मसूर आणि सर्व लसी पूर्ण झाल्यावर धातूच्या थाळ्यांचा संच देऊ केला. उरलेल्या गावांत काहीच बदलले नाही.

निकाल बोलका होता. काहीच न बदललेल्या गावांत एक ते तीन वर्षांच्या बालकांपैकी ६ टक्के, केवळ खात्रीच्या शिबिराच्या गावांत १८ टक्के आणि शिबिराला मसुराची जोड दिलेल्या गावांत ३९ टक्के बालके पूर्ण लसीकृत आढळली. मसुराचा खर्च धरूनही प्रत्येक पूर्ण लसीकृत बालकामागचा खर्च केवळ शिबिराच्या तुलनेत जवळपास निम्मा आला, कारण परिचारिकेचा पगार आणि जीप यांचा खर्च माणसे येवोत न येवोत व्हायचाच असतो. किलोभर डाळीने कोणाचे मत पालटले असेल हे संभवत नाही. तिने ‘पुढच्या महिन्यात बघू’ या वृत्तीवर मात केली. लाभ दूरचा आणि त्रास आजचा असला की माणूस काम पुढे ढकलतो, या प्रवृत्तीला वर्तनशास्त्रात तात्कालिकतेचा कल म्हणतात. आज हातात पडणारी डाळ तो कल उलटा फिरवते. यातील आणखी एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते: लसीकृत बालकांचे प्रमाण शिबिर वेळेवर भरू लागल्यामुळेच तिप्पट झाले होते. मसुराने केलेले काम त्या पायावर उभे होते, आणि तो पाया नसता तर मसूर घेऊन तरी कुठे जायचे हाच प्रश्न राहिला असता.

कोविडच्या काळात हेच तत्त्व श्रीमंत देशांतही तपासले गेले. स्वीडनमध्ये ठरावीक मुदतीत लस घेणाऱ्यांना २०० क्रोना देऊ केल्यावर लसीकरणाचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांवरून साधारण चार टक्क्यांनी वाढले. रक्कम छोटी, पण खात्रीची होती. याउलट अमेरिकेतील ओहायो राज्याने मे २०२१ मध्ये लस घेतलेल्या प्रौढांसाठी प्रत्येकी दहा लाख डॉलरच्या पाच सोडती जाहीर केल्या. देशभर गाजावाजा झाला, इतर राज्यांनी अनुकरण केले, परंतु त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या एका प्रमुख अभ्यासाला उर्वरित अमेरिकेच्या तुलनेत ओहायोत त्यामुळे वेगळी वाढ झाल्याचे दिसले नाही. महाराष्ट्रातही नोव्हेंबर २०२१ मध्ये चंद्रपूर महानगरपालिकेने लस घेणाऱ्यांसाठी सोडत काढून फ्रीज, वॉशिंग मशीन आणि टीव्ही अशी बक्षिसे जाहीर केली. सोडतीचे आकर्षण वृत्तपत्रांना अधिक असते. चालढकल करणाऱ्याला लाखात एक शक्यतेच्या फ्रीजपेक्षा हातात पडणारी डाळ अधिक हलवते, असे उपलब्ध पुराव्यावरून म्हणता येते.

प्रोत्साहनावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की पैसे दिल्याने लस धोक्याची असल्याचा संदेश जातो. दुसरा असा की सामाजिक कर्तव्याचे रूपांतर सौद्यात होते आणि पुढच्या वेळी फुकट कोणी येणार नाही. तिसरा असा की आधी स्वखुशीने लस घेतलेल्यांवर अन्याय होतो. पहिल्या दोन आक्षेपांचा पडताळा स्वीडन आणि अमेरिकेतील माहितीवर घेतला गेला असता, पैसे मिळालेल्यांचा लसीवरील विश्वास किंवा पुढील मात्रा घेण्याची तयारी घटल्याचे आढळले नाही. तिसऱ्या आक्षेपाला उत्तर रचनेतून देता येते: डाळ सर्वांना द्यावी, उशिरा येणाऱ्यांनाच नव्हे, म्हणजे वाट पाहण्यात फायदा उरत नाही. मात्र एक चौथी मर्यादा अशी आहे की रक्कम जसजशी मोठी होते तसतशी गरिबासाठी ती नाकारणे अशक्य होत जाते, आणि ज्या देणगीला नाही म्हणता येत नाही ती हळूहळू सक्तीच्या जवळ सरकते.

पास आणि प्रवेश

निर्बंधांच्या बाजूचा सर्वांत ठळक पुरावा फ्रान्समध्ये सापडतो. १२ जुलै २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल माक्रों यांनी उपाहारगृहे, चित्रपटगृहे आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी आरोग्य पास आवश्यक होणार असल्याचे जाहीर केले, आणि पुढच्या चोवीस तासांत नऊ लाखांहून अधिक लोकांनी लसीसाठी वेळ नोंदवली. हा पास लस, नुकताच बरा झालेला आजार किंवा ताजी नकारात्मक चाचणी यांपैकी काहीही दाखवून मिळत असे, त्यामुळे लस न घेणाऱ्याला कटकटीचा का होईना, पर्याय उरत होता. सहा देशांतील अशा पासांची तुलना करणाऱ्या अभ्यासात फ्रान्स, इटली, इस्रायल आणि स्वित्झर्लंड येथे लसीकरण वाढल्याचे, तर जर्मनी आणि डेन्मार्क येथे तसे ठळक न दिसल्याचे नमूद झाले. तरुणांवर परिणाम अधिक झाला. वृद्धांमध्ये, म्हणजे ज्यांना लसीची सर्वाधिक गरज होती त्यांच्यामध्ये, तो मर्यादित राहिला. ज्याला उपाहारगृहात जायचेच नाही त्याला उपाहारगृहाची बंदी बाधत नाही, एवढे साधे त्याचे कारण आहे. शिवाय पाससाठी लस घेतलेल्या अनेक फ्रेंच नागरिकांच्या मनातील शंका तशाच राहिल्याचे संशोधकांना दिसले. दंडाने कृती मिळते, संमती मिळतेच असे नाही.

सक्तीचे टोक ऑस्ट्रियाने गाठून पाहिले. १८ वर्षांवरील सर्वांना लस बंधनकारक करणारा आणि ३,६०० युरोपर्यंत दंड ठेवणारा कायदा तेथे ५ फेब्रुवारी २०२२ रोजी लागू झाला, ९ मार्चला, एकही दंड वसूल होण्यापूर्वी, तो स्थगित झाला आणि जूनमध्ये गुंडाळण्यात आला. दरम्यान ओमिक्रॉन हा उत्परिवर्तित विषाणू आला होता, लस घेतलेल्यांनाही मोठ्या प्रमाणात संसर्ग होत होता आणि आजार तुलनेने सौम्य होता. कायद्याचा आधार असलेले गृहीतकच बदलले होते. महासाथीत विज्ञान महिन्यागणिक बदलते आणि कायदा मात्र छापला तसाच राहतो, या विसंगतीचे इतके नेमके उदाहरण दुसरे मिळणे कठीण आहे.

लोकलचे दार

प्रोत्साहन आणि निर्बंध यांतील सीमारेषा किती पुसट असते हे मुंबईच्या लोकलगाड्यांच्या नियमात स्पष्ट दिसते. कोविडपूर्वी रोज सुमारे ७५ लाख प्रवासी वाहणारी ही सेवा मार्च २०२० मध्ये बंद झाली, जूनमध्ये अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी उघडली, फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरावीक वेळांत सर्वांसाठी खुली झाली आणि एप्रिलमधील दुसऱ्या लाटेत पुन्हा सामान्यांसाठी बंद झाली. अशा स्थितीत दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकलने प्रवास करता येईल, अशी घोषणा तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी केली. त्या दिवशी ही सवलत होती: जे दार सर्वांना बंद होते ते काहींसाठी उघडले गेले. परंतु पुढे कचेऱ्या, दुकाने, बाजार पूर्ववत झाले, लोकल हे पुन्हा पोटापाण्याचे साधन झाले, आणि तोच नियम एक अक्षरही न बदलता निर्बंध बनला. कोणती स्थिती मूळ धरायची यावर देणे आणि हिरावणे यांतील फरक अवलंबून असतो. तुलना टाळेबंदीशी केली तर पास हे बक्षीस ठरते, नेहमीच्या आयुष्याशी केली तर ती शिक्षा ठरते.

या नियमाची झळ कोणाला बसली हे तारखा मांडल्यावर उमगते. १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण १ मे २०२१ रोजी खुले झाले, पण साठ्याअभावी महाराष्ट्राला त्याच महिन्यात ते थांबवावे लागले आणि जूनच्या उत्तरार्धात ते पुन्हा सुरू झाले. कोविशील्डच्या दोन मात्रांमध्ये किमान ८४ दिवसांचे अंतर मे महिन्यात ठरले होते. डोंबिवलीत राहून दादरच्या दुकानात काम करणाऱ्या तिशीतील कामगाराला १ जुलैला पहिली मात्रा मिळाली असे धरले, तर दुसरी लवकरात लवकर २३ सप्टेंबरला आणि लोकलची परवानगी ७ ऑक्टोबरला. म्हणजे जो पहिल्या संधीला रांगेत उभा राहिला त्यालाही घोषणेनंतर जवळपास दोन महिने बस आणि रिक्षा यांवर पगाराचा मोठा भाग घालवावा लागला. चालढकल करणाऱ्याला हलवण्यासाठी बनवलेला नियम पुरवठ्यामुळे मागे राहिलेल्यालाच लागला, आणि त्या माणसाने काय केले असते तर त्याची सुटका झाली असती याचे उत्तर नियमात नव्हते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्हा प्रशासनाने याहून कडक पाऊल उचलले. पहिल्या मात्रेत जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा बराच मागे होता, म्हणून किमान एक मात्रा घेतल्याचा पुरावा असल्याशिवाय रेशन, स्वयंपाकाचा गॅस आणि पेट्रोल देऊ नये, तसेच अजिंठा, वेरूळ येथे प्रवेश देऊ नये, असे आदेश निघाले. यातील वेरूळचे तिकीट आणि रेशनचा तांदूळ यांना एकाच यादीत बसवणे ही खरी अडचण आहे. सहल ही ऐच्छिक गोष्ट आहे. शिधा हा २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि त्यावर जगणारे घर तो नाकारू शकत नाही. अधिकाऱ्यांचा हेतू तिसऱ्या लाटेआधी जीव वाचवण्याचा होता हे मान्य केले तरी, श्रीमंताचे पेट्रोल दुसऱ्या जिल्ह्यातून येऊ शकते आणि गरिबाचे धान्य येऊ शकत नाही, ही विषमता उरतेच. इंग्लंडमधील दंडाच्या कायद्याचीही हीच गोम होती.

न्यायालयांनी या प्रश्नाकडे दोन बाजूंनी पाहिले. मुंबई उच्च न्यायालयापुढे लोकलच्या निर्बंधांना आव्हान दिले गेले तेव्हा चर्चा लसीच्या गुणदोषांपेक्षा आदेश कोणी आणि कोणत्या पद्धतीने काढला यावर झाली. आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार राज्य कार्यकारी समितीने विचार करून घ्यायचा निर्णय तत्कालीन मुख्य सचिवांनी एकट्याने घेतल्याबद्दल न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये नापसंती नोंदवली आणि राज्याने ते आदेश मागे घेऊन नवे काढले. गुढीपाडव्याच्या तोंडावर राज्यातील निर्बंध उठलेही. २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्नालाच हात घातला. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ नुसार व्यक्तीला स्वतःच्या शरीरावर अधिकार आहे आणि कोणालाही बळजबरीने लस देता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी शासन निर्बंध घालू शकते, मात्र त्याला कायद्याचा आधार हवा, उद्दिष्ट वैध हवे आणि उपाय उद्दिष्टाच्या मानाने प्रमाणशीर हवा. लस न घेतलेल्यांकडून घेतलेल्यांपेक्षा अधिक संसर्ग पसरतो हे दाखवणारी माहिती न्यायालयापुढे ठेवली गेली नव्हती, त्यामुळे त्या काळातील निर्बंध प्रमाणशीर म्हणता येत नाहीत, असा निष्कर्ष निघाला.

क्रमाचा प्रश्न

या सर्व अनुभवांतून ‘दाम चांगला, दंड वाईट’ असा सुटसुटीत निष्कर्ष निघत नाही. रुग्णालयातील परिचारिका किंवा वृद्धाश्रमातील सेवक दिवसभर दुर्बळ माणसांच्या सान्निध्यात असतो. लस संसर्ग रोखत असल्याचा पुरावा असेल तर त्याच्या कामासाठी ती अट घालणे न्याय्य ठरते, कारण तेथे रक्षण दुसऱ्याचे होते. रिकाम्या हॉटेलात जेवणाऱ्या तरुणाच्या बाबतीत ते समर्थन क्षीण होते, आणि लस संसर्ग न रोखता केवळ घेणाऱ्याचा आजार सौम्य करत असेल तर जवळजवळ संपते, कारण मग निर्बंध इतरांच्या संरक्षणासाठी न राहता माणसाला त्याच्याच हिताची सक्ती करण्यासाठी उरतो. खाटा भरून वाहत असताना या युक्तिवादाला पुन्हा थोडे बळ येते, पण ते लाटेपुरते असते.

म्हणून निर्णय घेणाऱ्यापुढचा खरा प्रश्न क्रमाचा आहे. लस दारापर्यंत पोचली आहे, सायंकाळी आणि सुटीच्या दिवशी मिळते आहे आणि मोबाइल नसलेल्याचीही नोंद होते आहे, हे झाल्याशिवाय पुढची पायरी चढू नये. ‘हर घर दस्तक’ मोहिमेत २०२१ च्या नोव्हेंबरपासून आरोग्य कर्मचारी घरोघर गेले तेव्हा जे काम झाले, ते रेशन रोखण्याच्या आधी व्हायला हवे होते. त्यानंतर छोटे, खात्रीचे आणि सर्वांना समान असे प्रोत्साहन, त्यात बुडालेल्या मजुरीची भरपाईही मोडते. त्यानंतरही निर्बंध लागलाच तर तो ऐच्छिक गोष्टींपुरता, चाचणीसारखा पर्याय शिल्लक ठेवणारा आणि समाप्तीची तारीख आधीच छापलेला असावा. अन्न, औषध, शिक्षण आणि रोजगाराचा प्रवास त्याच्या कक्षेबाहेर राहावा.

या क्रमाला नैतिकतेइतकाच व्यवहाराचाही आधार आहे. साम आणि दाम फसले तर दंडाचा मार्ग मोकळा राहतो. दंड फसला तर मागे वळून साम करणारा अधिकारी विश्वासार्ह राहत नाही, आणि त्याचा फटका फक्त एका लसीला बसत नाही, तर त्याच उपकेंद्रात येणाऱ्या गोवराच्या आणि पोलिओच्या लसीलाही बसतो. १८९७ चा साथरोग अधिनियम किरकोळ दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. तो प्रशासनाला व्यापक अधिकार देतो, पण लस न घेतलेल्या माणसाला काय नाकारता येईल, काय नाही, ते कोण ठरवील आणि कधी संपेल याविषयी त्यात काही सांगितलेले नाही. या गोष्टी साथ नसताना, विधिमंडळात चर्चा होऊन ठरल्या पाहिजेत, कारण साथ ऐन भरात असताना त्या ज्या कोणाच्या सहीने ठरतात त्याच्यापुढे वेळ नसतो, आणि ज्याच्यावर त्या लागू होतात त्याच्यापुढे दाद मागण्याची जागा नसते.